खुंटीची जागा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. काम कसं करून घ्यायचं, हे मला कुणी शिकवू नये! कारखान्यातला अख्खा पॅकिंग विभाग माझ्या एका नजरेवर चालायचा. आता तो माझ्या नजरेशिवायही चालतो, आणि म्हणे जास्त चांगला चालतो, हा भाग वेगळा. खर्चकपात झाली, माझ्या हाताखालचा माझ्या खुर्चीत बसला आणि मी घरी बसलो.

घरी बसलेल्या माणसाला घरात बसायला जागा नसते, हे मला तेव्हा कळलं. खुर्चीत बसलो की आई म्हणायची, "अरे, जरा सरक, उजेड येऊ दे." पलंगावर बसलो की मुलगी ओरडायची, "बाबा, माझ्या वहीवर बसलात!" आणि बाहेरच्या खोलीतलं टेबल बायकोने बळकावलेलं. तिथे ती रिबिनीच्या वेण्या घालून केसांचे बँड आणि क्लिपा करायची. आधी मैत्रिणींसाठी, मग मैत्रिणींच्या मैत्रिणींसाठी. आता बाजारातल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी वीस बँड सांगितले होते, काळ्या आणि चॉकलेटी रिबिनीचे. त्या संध्याकाळी त्या स्वतः येऊन नमुना बघणार होत्या. पसंत पडला तर दर महिन्याला माल, म्हणजे दर महिन्याला घरात किराणा. माझा पगार थांबल्यापासून सगळं घर त्या वीस बँडांकडे डोळे लावून बसलं होतं.

"उरलेलं सामान घेऊन येते," चपला सरकवत बायको म्हणाली. "अहो, तुम्ही कशाला हात लावू नका. नुसते बसा."

नुसते बसा! पॅकिंग विभागाच्या प्रमुखाला!

तिची कामाची पद्धत बघून माझा जीव वरखाली व्हायचा. तीन रिबिनींची टोकं शिवायची, भिंतीतल्या खुंटीला अडकवायची, ताण देत हातभर वेणी घालायची, शेवटी टाका मारायचा आणि मगच कापायची. की पुन्हा पहिल्यापासून! अशाने कारखाने बुडतात. (आमचा बुडाला नाही. फक्त मी बुडालो.)

मी तिथल्या तिथे योजना आखली. एकच लांबलचक वेणी घालायची आणि मग कात्रीने एका मापाचे तुकडे पाडायचे. बायको परत येईपर्यंत माल तयार! तिच्या तोंडून एकदा तरी "बाई गं, तुम्ही केलंत हे?" ऐकायचं होतं मला. खरं सांगतो, बाकी काही नको होतं.

वेणी घालत मी मागे मागे सरकत गेलो. ताण जरा जास्त झाला असावा. खुंटी भिंतीचा ढलपा घेऊन बाहेर आली. मी डगमगलो नाही. टोक दाराच्या कडीला बांधलं आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचलो. काय वेणी होती! सरळ, घट्ट, झुळझुळीत. मी मापं घेतली आणि कचाकच कापत सुटलो.

कापलेली वेणी दोन्ही टोकांनी सुटते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

पहिला तुकडा चिमटीत धरला तोवर दुसऱ्याचे पेड सुटले. दुसरा धरला तर पाचवा, सहावा, सातवा जमिनीवर हातपाय पसरून मोकळे! बायको टोकं मेणबत्तीवर धरून बंद करते, हे आठवलं. मी धरली. ती बंद न होता आक्रसून काळी झाली आणि घरभर जळका वास सुटला. मग गोंद घेतला, झटपट चिकटणारा. तो झटपट चिकटला, पण माझ्या बोटांना. आता काय करावं म्हणून डोकं खाजवलं आणि बोटांवरचा तुकडा कानाच्या वर केसांत चिकटून लोंबायला लागला.

नेमकी त्याच वेळी आई जागी झाली. चष्मा फळीवर. तिला दिसलं ते एवढंच : मुलाच्या हातात कात्री, जमिनीवर कापलेल्या काळ्या वेण्या आणि जळका वास.

"अरे मेल्या, पोरीची वेणी कापलीस?"

"आई, रिबीन आहे ती!"

"रिबिनीसकट कापलीस?"

मी तोंड उघडेपर्यंत आई जिन्यात! "धावा हो! नोकरी गेली ते सोसलं, आता ह्याचं डोकंही गेलं!"

समोरच्या वहिनी भरलेली बादली घेऊन आल्या आणि मेणबत्तीवर नेम धरून ती माझ्यावर, टेबलावर आणि उरल्यासुरल्या रिबिनींवर ओतली. मागून त्यांचे यजमान आले. त्यांनी लहान मुलाच्या हातातून घ्यावी तशी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "शांत व्हा. सगळं नीट होईल. माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं."

"अहो, मला काहीही झालेलं नाही!"

"तोही अगदी हेच म्हणायचा."

एवढ्यात मुलगी शाळेतून आली. तिची वेणी जागच्या जागी बघून आईला रडू फुटलं आणि बाकीच्यांचा जरा हिरमोड झाला. मुलीमागून बायको. आणि बायकोमागून, साडीच्या निऱ्या उचलून पाण्यातून वाट काढत, मालकीणबाई!

त्यांनी फळीवरचा, बायकोने आधी करून ठेवलेला एकुलता एक बँड उचलला. उलटसुलट करून पाहिला. "सुबक काम आहे." मग त्यांची नजर माझ्या कानावरच्या वेणीवर आली. "आणि हे?"

"हे... आमचे हे," बायको म्हणाली.

"बाई, हात चांगला आहे तुमचा. पण घरात असा माणूस मोकळा असताना मी माल कुणाच्या भरवशावर मागवू?"

मी योजना समजावून सांगायला पुढे झालो. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारखान्यातून काढलं तेव्हा साहेबांनी निदान नजर चुकवली होती. हिने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. फार लागलं मला ते.

"आठवडाभर द्या," ती मालकीणबाईंना म्हणाली. "ह्यांचा बंदोबस्त मी करते."

वीसचे दहा झाले. बाकीचे दहा त्या दुसरीकडून घेणार होत्या. माझ्या डोक्यातला तुकडा मुलीने केसांसकट कापून काढला. म्हणजे वेणी शेवटी माझीच कापली गेली.

दुसऱ्या दिवशी बायकोने भिंतीतल्या भगदाडाकडे पाहिलं. तिथे आता खिळाही धरेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. माझ्यासमोर स्टूल ठेवलं.

"पाय वर घ्या."

माझ्या उजव्या अंगठ्याला तिने तीन रिबिनी बांधल्या आणि ताणून वेणी घालायला लागली. "हलू नका. बोलूही नका. बोललात की अंगठा हलतो."

तेव्हापासून रोज दुपारी मी असा बसतो. वेण्या सुबक होतात. कुणी मला ऊठ म्हणत नाही, आईसुद्धा नाही. परवा असाच बसलो असताना फोन आला. माझ्या खुर्चीत बसलेला तोच!

"काय साहेब, हल्ली काय चाललंय?"

"उत्पादन विभागात आहे," मी अंगठा न हलवता म्हणालो. "जबाबदारीची जागा आहे रे. मी जरा हललो तर सगळं काम थांबतं."

पलीकडे त्याने आवाज खाली आणला. "साहेब, मलाही काढलं काल. तुमच्याकडे एखादी जागा रिकामी असेल तर बघा ना."

मी डाव्या पायाकडे पाहिलं. अंगठा मोकळाच होता.

पण नाही सांगितलं मी त्याला. उद्या काम वाढलं, तर बढती मला नको का?