चार्ज दिल्याशिवाय

लग्नाची वेळ झाली होती. गुरुजींनी माइकवरून दोनदा सांगितलं, मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे. मुलगी मुंडावळ्या बांधून, हातात हार धरून तयार, आणि मामांचा पत्ता नाही. मुलीच्या आईचं तोंड रडवेलं झालं. शेवटी मामा सापडले मांडवाच्या मागे, चुलाण्यापाशी. डोक्याला फेटा, अंगात नवा कोरा सदरा आणि हातात भलामोठा डाव. मामा आमटी ढवळत होते. आचारी "जरा बघा हं, आलोच" म्हणून तंबाखू आणायला गेला होता आणि तिकडेच रमला होता.

मी धावत जाऊन म्हटलं, अण्णा, मंगलाष्टकं खोळंबलीयत, चला आधी. तर अण्णा शांतपणे म्हणाले, "रिलिव्हर आला नाय अजून."

मी हबकलोच. तसा माझा स्वभावच दचकण्याचा. आमची बायको म्हणते, तुम्हाला दूध उतू गेलं तरी धक्का बसतो. पण मला सांगा, सख्ख्या भाचीचं लग्न थांबवून आमटी ढवळणारा मामा बघितल्यावर कोणाला धक्का बसणार नाही? वाद घालायला वेळ नव्हता. मी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि कंपनीत रोज म्हणायचो तेच म्हटलं, "अण्णा, मी आलोय. तुम्ही जा." तेव्हा कुठे त्यांनी डाव माझ्या हातात दिला. जाळ कमी केलाय, आमटी खालून लागायला आलीय, ढवळत राहा, असं सगळं सांगितलं आणि मी "बरं" म्हणेपर्यंत हलले नाहीत. मग पळाले. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोच अर्ध्या वाटेतून फेटा सावरत परत. "एक राहिलं," म्हणाले. "मीठ पडलेलं नाय."

हे आमचे दामूअण्णा घरत. पेणला रामवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि रोह्याच्या ज्या केमिकल कंपनीत मी नोकरी करतो तिथले ते जुने ऑपरेटर. त्यांची पाळी संपली की माझी सुरू व्हायची. म्हणजे त्यांचा रिलिव्हर मी. कंपनीच्या बसमधून मी उतरायचो आणि त्याच बसनं ते नागोठण्यावरून पेणला परत जायचे, असं आमचं कित्येक वर्षं चाललं. शेजारी असून आमची खरी ओळख त्या पाच-दहा मिनिटांतली.

आता हा नियम काही अण्णांनी काढलेला नाही. केमिकलचा प्लँट गॅसवर ठेवलेल्या दुधासारखा, पाठ फिरवायची सोय नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, त्याला काय गरम आहे, काय गळतंय ते सांगायचं, त्यानं बरं म्हणायचं, मग जागा सोडायची. ह्याला चार्ज देणं म्हणतात. आम्ही सगळेच देतो. पण आम्ही गेटबाहेर पडलो की विसरतो. अण्णांनी तो नियम घरी आणला, एसटी स्टँडवर नेला, लग्नाकार्यात नेला. स्टँडवर कोणी "बॅगेकडे लक्ष ठेवा हां" म्हणून गेलं, की अण्णांची गाडी चुकलीच म्हणून समजा.

सुमनकाकींनी मात्र ह्या वेडाचा संसारात चांगला उपयोग करून घेतला. काकी रामवाडीतच मालतीताईंच्या शेडमध्ये पोह्याचे पापड लाटायला जायच्या. निघताना दारातून ओरडायच्या, "भात टाकलाय, शिट्ट्या झाल्या की बंद करा. मांजरीवर लक्ष ठेवा." आतून "बरं" आलं की त्या निघाल्या. त्यांच्या घरात कधी दूध उतू गेलं नाही की भात लागला नाही. आमच्या घरात दोन्ही होतं, आणि त्यावरून मला अण्णांचं उदाहरण ऐकावं लागायचं.

मध्ये कंपनीनं सगळा कारभार कंप्युटरवर नेला आणि मला दुसऱ्या विभागात टाकलं. व्हॉल्व्ह हातानं फिरवायचं बंद, एसीच्या खोलीत बसून पडद्यावर बोट लावायचं. मला वाटलं अण्णा आता आजारी पडणार. पण नाही, शिकले बिचारे. चष्मा नाकावर घेऊन शिकले. फक्त चार्जचा घोळ झाला. चार्ज आता सिस्टीममध्ये द्यायचा, म्हणजे एक बटण दाबलं की झालं. अण्णा बटण दाबायचे आणि मग उठून त्या पडद्यासमोर उभं राहून सांगायचे, दोन नंबर गरम हाय, पंप थोडा गळतोय, लक्ष ठेव, येतो मी. आणि उभेच. कंप्युटर काही बरं म्हणेना. पहिल्या दिवशी तिथली इंजिनिअर पोरगी खुर्चीसकट मागे सरकली. पण पोरगी हुशार. आठवड्याभरात मान वर न करता "बरं काका" म्हणायला शिकली, आणि दोघांचं छान जमलं.

रिटायर झाले त्या दिवशी तर कहर. कँटीनमध्ये शाल, नारळ, समोसे, साहेबांचं भाषण, सगळं तयार आणि सत्कारमूर्ती गायब. अण्णा त्यांच्या जागेवर बसून होते. त्यांच्यानंतर ती जागाच कंपनीनं रद्द केली होती. तिथे कोणी येणारच नव्हतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. अहो, ह्यांना कोणीतरी समजवा, म्हणाले. समजावणार काय? मी गेलो आणि म्हटलं, अण्णा, मी आलोय, तुम्ही जा. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना कळत होतं की मी दुसऱ्या विभागातून उठून आलोय, आणि मला कळत होतं की त्यांना कळतंय. तरी त्यांनी सगळा चार्ज दिला. दारापर्यंत जाऊन परत आले. "एक राहिलं," म्हणाले. "तो जुना व्हॉल्व्ह हाय ना, त्याला जोर लावू नको. हळू फिरव." तो व्हॉल्व्ह पुढच्या महिन्यात भंगारात जाणार होता. मी बरं म्हटलं.

रिटायर झाल्यावर बरे रमले होते हो. सकाळी बाजारातून मासळी आणायची, काकी शेडवर गेल्या की घराचा चार्ज सांभाळायचा. आणि एक दिवस काकी शेडमध्ये पापड लाटता लाटता कलंडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी माझ्याशी कुंपणावरून बोललेली बाई दुपारी नाही. मुलगा नितीन पुण्याहून आला, नातेवाईक आले. अण्णा ओटीवर बसून होते, डोळ्यांत टिपूस नाही. मी जवळ जाऊन बसलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार्ज न देता गेली." आवाजात चक्क राग होता. "काय सांगितलं नाय. अशी कोण जातं?"

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची बायको धावत आली आणि म्हणाली, आधी शेडवर चला. गेलो. बघतो तर काय, भिंतीला ओळीनं बायका बसलेल्या, लाटणी चाललेली, आणि त्यांच्या मधोमध काकींच्या जागेवर, काकींचा पोळपाट पुढ्यात घेऊन आमचे अण्णा. अंगात कंपनीचा खाकी शर्ट. मिरचीची पूड उडते म्हणून तोंडाला फडकं. आणि बायकांना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून कानात कंपनीतले रबरी बोळे. मी दारातच थिजलो. उभ्या रामवाडीत बाप्या माणूस पापड लाटायला बसलेला मी पाहिला नव्हता. मी मोठ्यांदा विचारलं, अण्णा, हे काय? त्यांनी एका कानातला बोळा काढला. "अर्धी लाटी टाकून गेली ती," म्हणाले. "जागा उघडी कशी ठेवायची? रिलिव्हर येईपर्यंत बसतो."

पहिले पापड कुठल्याच आकाराचे नव्हते. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मालतीताई ते गुपचूप बाजूला काढून घरी न्यायच्या. पण हळूहळू हात बसला. बायकाही बदलल्या. त्यांच्यातली शोभा पाणी प्यायला उठली तरी शेजारणीला सांगून उठायला लागली, लाटीवर फडकं टाकलंय, माशी बघ गो. मालतीताई मला म्हणाल्या, पहिल्यांदा वाटलं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. आता ह्यांच्याशिवाय चैन पडत नाय.

नितीनला मात्र हे फोनवर कळलं आणि तो हादरला. त्याचा जीव तुटत होता हो, उगाच त्याला दोष देऊ नये. बाप एकटा, उन्हातान्हात पापड वाळवतोय, हे त्यानं पुण्यात बसून किती दिवस ऐकायचं? दर फोनला तो म्हणायचा, बाबा, इकडे या, खोली तयार आहे. आणि अण्णा दरवेळी सांगायचे, रिलिव्हर आला की येतो. त्याला वाटायचं बाबा टाळतायत. मी त्याला सांगून थकलो की अरे, हा माणूस थट्टा करत नाही. जागेवर कोणी येईपर्यंत तो हलायचा नाही, आणि कोणी आलं तर एक दिवस थांबायचा नाही.

गेल्या महिन्यात शेडवर एक नवीन मुलगी आली. गागोद्याची, नुकतीच लग्न होऊन रामवाडीत आलेली, मयुरी नाव. मालतीताईंनी नितीनला कळवलं, आणि रविवारी तो गाडी घेऊन हजर. मला सुट्टी होती, मीही गेलो. मयुरी अण्णांसमोर पदर सावरत उभी राहिली. मालतीताई म्हणाल्या, बस गो. पण बसणार कुठे? अण्णा लाटत होते. नितीन माझ्याकडे बघायला लागला. मी त्या मुलीच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं काय म्हणायचं ते.

"काका, मी आलेय," ती म्हणाली. "तुम्ही जा आता."

अण्णांनी लाटणं खाली ठेवलं. कानातले बोळे काढले, खिशात टाकले. मग चार्ज दिला.

"पोळपाट सुमनचा हाय. एका अंगाला उतरता हाय, सवय होईल. पंख्याचं वारं इथं येत नाय, पापड उडत नाय, म्हणून तिनं ही जागा धरलेली. शोभाला कमी ऐकू येतं, चहा आला की तिला हात लावून सांगायचं. आणि मालतीताई वैतागल्या की त्यांना हसवायचं. ते पण ह्याच जागेचं काम. मला नाय जमलं."

हा माणूस इतके दिवस बायकोनं न दिलेला चार्ज एकेक करून गोळा करत होता. मयुरी "बरं" म्हणाली. अण्णा उठले, गुडघे चोळले, चपला घातल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसले. नितीननं घाईघाईनं गाडी सुरू केली. मी त्याला म्हटलं, थांब जरा. आणि खरंच, दार उघडून अण्णा उतरले. शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"एक राहिलं," म्हणाले. "ती कामात असली की जेवायची राहते. दुपार झाली की हाक मारायची. एका हाकेत उठत नाय ती."

सगळी लाटणी थांबली. मला दचकायची एवढी सवय, पण माझं डोकंच चालेना. डोळे भरून आले, काही दिसेना. मयुरी बावरून मालतीताईंकडे बघायला लागली. मालतीताईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि उठून दारापर्यंत आल्या.

"बरं अण्णा," त्या म्हणाल्या. "मारू हाक."

अण्णांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले.