तायडे सिस्टर आणि नवी डिस्क

तायडे सिस्टर 'घाबराचं नाई' म्हणाल्या की आमची अख्खी बिल्डिंग घाबरते. पातूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि हे दोन शब्द त्या तिथूनच घेऊन आल्या. पण स्वतःला धडकी भरल्याशिवाय त्या ते उच्चारत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात जिन्यात गॅसचा वास आला, तेव्हा आमच्या दारात येऊन त्या अगदी हळू म्हणाल्या, "पंकज, घाबराचं नाई." पुढच्या मिनिटाला मी आणि माझी बायको अनवाणी रस्त्यावर होतो.

निवृत्त झाल्यावर त्या राजापेठेत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. एकट्याच. सकाळी सातच्या सुमारास त्यांचा आवाज जिन्यातून खाली येतो.

"हॅलो, विनोद? मी तायडे सिस्टर, पातूर. आज तुहा वाढदिवस. पायाकडून आला होता तू. मायचा जीव काढला होता!"

हा विनोद चाळिशीला टेकलेला, अकोल्यात कुठल्याशा ऑफिसात साहेब. सिस्टरांपुढे मात्र तो तीन किलोचाच. एका हवालदाराला तर त्यांनी ऐकवलं होतं, "तू रडूनच नव्हता राहिला. उलटा धरून दोन चापटा देल्ल्या, तवा रडला. आता लोकायले रडवतो म्हणे?"

आपल्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद त्यांनी वह्यांत ठेवली होती. वह्यांना वाळवी लागली, तेव्हा दोन बोटांनी टाइप करत दोन वर्षांत सगळं कम्प्युटरमध्ये चढवलं.

"आणि वह्या?" मी एकदा विचारलं होतं.

"जाळल्या. उधई पसरते बावा."

तर एका शनिवारी संध्याकाळी सिस्टर दारात उभ्या राहिल्या. "पंकज, घाबराचं नाई. कम्प्युटर कण्हून राहिला."

मी वर गेलो. कम्प्युटर जुना, चालू व्हायलाच त्याला वीस मिनिटं लागली. आतून हार्ड डिस्कची टक्-टक् येत होती. हा आवाज मी ओळखतो. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मी कम्प्युटर सांभाळतो. डिस्क असा आवाज करू लागली की तिचे दिवस भरले.

आधी बाळंतपणांच्या यादीची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलो. फाइल वाचता येत नाही, असा संदेश आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मी घाईघाईने मशीन बंद केलं.

"नवी डिस्क टाकू, एसएसडी. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं आणि मग कम्प्युटर तिच्यावरूनच चालू करायचा," मी म्हणालो.

"आणि उतरवता उतरवता जुनी गेली तर?"

मी पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "घाबराचं नाई," आणि मटकन खुर्चीत बसल्या.

रविवारी दुपारी मी नवी डिस्क घेऊन वर गेलो. सिस्टरांनी सकाळीच बिल्डिंगभर फिरून ताकीद दिली होती: मिक्सर नाही, पाण्याची मोटर नाही, इस्त्री नाही. लाइट जाता कामा नये. दारावर कागद चिकटवला होता, 'आत काम चालू आहे. बेल वाजवू नये.' मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, अंगठी काढून ठेवायला लावली.

"सिस्टर, हे काही ऑपरेशन नाही."

"मले नको शिकवू. नखं दाखव."

नवी डिस्क पत्त्यांच्या कॅटएवढीही नव्हती. सिस्टरांनी ती तळहातावर घेऊन पाहिली. "एवढीशी? आठव्या महिन्यातली दिसते."

मी ती जोडून कॉपी सुरू केली. दहा टक्के, वीस टक्के. टक्-टक् वाढत होती. सिस्टर माझ्यामागे उभ्या राहून हातातल्या घड्याळावर टकटकीचे ठोके मोजत होत्या. कारखान्यात मी अशा कितीतरी डिस्का बदलल्यात, पण तिथे आधीची कॉपी असते आणि मानेवर असा कोणाचा श्वास नसतो.

एकसष्ट टक्क्यांवर आकडा थांबला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. टक्-टक्, मग किर्र, मग काहीच नाही, मग पुन्हा टक्-टक्. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय झालं?"

"डिस्कवर तिथं खराबी आहे. कम्प्युटर पुन्हापुन्हा वाचून पाहतोय."

"अडलं म्हण ना सरळ."

त्या पुढे झाल्या, कम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणू लागल्या, "घाबराचं नाई, माय. घाबराचं नाई. होऊन राहिलं. थोडंच राहिलं." हसू यायला हवं होतं, पण मला आलं नाही. इतकी वर्षं दवाखान्यात हे शब्द कोणी ऐकले असतील, ते मला तेव्हा दिसलं.

अर्ध्या तासाने आकडा बासष्ट झाला.

शंभर झाल्यावर मी जुनी डिस्क काढली, नवी बसवली आणि बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ. चालू होण्यासाठी डिस्क सापडत नाही.

सिस्टरांनी ती ओळ वाचली. भिंतीला टेकून डोळे मिटले.

मी मशीन बंद केलं, तारा पाहिल्या, पुन्हा चालू केलं, सेटिंगमध्ये शिरलो. आणि जिवात जीव आला. कम्प्युटर अजून जुन्या डिस्कलाच शोधत बसला होता. मी नव्या डिस्कचं नाव यादीत सगळ्यात वर आणलं आणि पुन्हा चालू केलं. पंधरा सेकंदांत पडद्यावर सगळं हजर!

सिस्टर दचकल्या. "इतक्या लवकर? पुरं झालं ना रे हे? पाय बरोबर?"

"यादी उघडू द्या."

फाइलवर क्लिक करताना माझंच बोट अडखळलं. यादी उघडली. तारीख, वेळ, वजन, आईचं नाव, बाळाचं नाव, फोन. हजारावर ओळी. काही गहाळ तर नाही ना, म्हणून मी हळूहळू खाली सरकत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. बाळाच्या नावाची जागा रिकामी. खाली आणखी एक तशीच. पुढे आणखी.

"सिस्टर," मी पडद्यावर बोट ठेवलं, "इथली नावं उडाली वाटते."

त्यांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

"नाई उडाली. ठेवलीच नव्हती कोणी. रडलेच नाई ते."

मी त्या ओळी पुन्हा पाहिल्या. प्रत्येकीपुढे फोन होता.

"मग हे फोन नंबर?"

"मायचे हायेत. बाकीच्यायले सारं गाव शुभेच्छा देते. हिले कोणी इचारत नाई ना त्या दिवशी. घरचे म्हणतात, इसरली असन." त्यांनी बोटाने पडद्यावर एक तारीख शोधली. आजचीच होती, बावीस वर्षांपूर्वीची. वजन दोन किलो सातशे. "वजन म्या केलं होतं. हातात घेतलं होतं. दोघीच हाओ आमी, ज्यायले याद हाय."

त्यांनी मोबाइल घेतला आणि पडद्यावरचा एकेक आकडा पाहत नंबर लावला. मी उठू लागलो, तर हातानेच बस म्हणाल्या.

"सुनंदा? मी तायडे सिस्टर वं. काही नाई, असाच लावला. जेवली काय?"

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. सिस्टर खिडकीपाशी गेल्या, माझ्याकडे पाठ केली आणि बराच वेळ नुसतं "हो… हो वं… हो" म्हणत राहिल्या.