अण्णांचा घोडा

कंपाउंडरनं सातव्या खेळीला आपला घोडा फुकट देऊन टाकला आणि समोरच्या वकिलाचा चेहराच पडला.

डावाची ही सुरुवात कंपाउंडरच्या वडिलांनी शोधलेली. बुद्धिबळाच्या क्लबातल्या झाडून सगळ्यांनी तिच्यावर हसून घेतलं होतं. आता अण्णांनी अंथरूण धरलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि एकच इच्छा उरली होती : त्या सुरुवातीनं कुणीतरी एकदा स्पर्धेतला डाव जिंकावा. कुणीतरी म्हणजे मुलगाच, दुसरं होतं कोण? आणि मुलगा तर आजवर पहिल्याच फेरीत गारद होत आलेला.

वकिलानं डोकं दोन्ही हातांत धरलं. कंपाउंडर इतका हरखला, की खेळी झाल्यावर घड्याळाचं बटण दाबायचं असतं हेच विसरला. घरी अण्णांशी खेळताना कुठलं आलंय घड्याळ! वेळ त्याचाच जात होता आणि नियम असा, की ते त्याला कुणी सांगायचं नाही.

प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या ताईला राहवेना. तिनं मनगटावर बोट ठोकून दाखवलं. अण्णांच्या औषधाची वेळ झाली असणार, असं समजून त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली. ताई खोकली, मग उभीच राहिली. पंचांनी तिला बाहेर काढलं. हिला कुठं म्हणून गप्प बसवत नाही, असं पुटपुटत कंपाउंडर पाणी प्यायला गेला.

पाऊण तासानं पंच आले. "तुमचा वेळ संपला. हरलात."

"माझा? अहो, विचार तर हे करतायत!"

वकील ओशाळून उठला. "खरं सांगू? त्या घोड्याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. घड्याळ तुमचं चालू दिसलं, मग मी हललोच नाही."

घरी अण्णा उशीला टेकून वाट बघत होते. "घोडा दिलास?"

"दिला."

"मग?"

"वकील पाऊण तास हलला नाही, अण्णा. शेवटी म्हणाला, उत्तरच नाही."

अण्णांचे डोळे भरून आले. "जिंकलास रे! उद्या दुसरी फेरी. लवकर झोप."

खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायची तर त्याहून नव्हती. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर डबा घेऊन निघाला आणि बंद दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला. मागोमाग ताई आली.

"असं किती दिवस करणार?"

"संध्याकाळी हरून येतो ना घरी," तो म्हणाला. "तेवढं जमतं मला."

ताई त्याच्या शेजारी बसली.

"नको रे," ती म्हणाली. "ते आहेत तोवर जिंकत राहा."