अठरा नंबरचं रक्त

केशवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण यादीत सतरा नंबरचं घर होतं, एकवीस होतं, पण अठरा नव्हतं. अठरा म्हणजे खुद्द केशवरावांचं घर! हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या त्या कॉलनीत तीन महिन्यांपूर्वी घरोघर फिरून, दमदाटी करून, प्रसंगी कान धरून पोरांना मेनिंजायटिसची लस टोचायला लावली ती त्यांनीच. फाटकावर 'शंभर टक्के लसीकरण' अशी पाटी लागली तीही त्यांच्यामुळेच. आणि आता लोकांच्या अंगात प्रतिकारशक्ती किती आली ते मोजायला रक्त घेणार, तर कोणाचं? सतरा नंबरच्या उमाजीच्या पोराचं!

"डॉक्टर, ही यादी केली कोणी?"

"कॉम्प्युटरने, काका," पुण्याहून नोकरीला आलेल्या डॉक्टर पल्लवी म्हणाल्या. "चिठ्ठ्या टाकल्यासारखंच असतं. मुद्दाम कोणाला निवडायचं नसतं."

"चिठ्ठ्या? मी काय भिशी चालवायलो का? उमाजीच्या पोराचं रक्त म्हणजे पाणी टाकलेला चहा. त्याच्यावरून कॉलनीचं माप काढता? माझी नात घ्या, तन्वी. रोज खारीक-बदाम खाती."

"तसं चालत नाही, काका."

"कैसा नै चलता?" राग अनावर झाला की केशवराव उर्दूत शिरत. त्यांनी घरातून खुर्ची आणली आणि डॉक्टरांच्या वाटेतच ठाण मांडलं.

आरडाओरडा ऐकून उमाजी बाहेर आला. चहाचं बोलणं त्याच्या कानावर गेलंच होतं. "आमचं रक्त पाणी ना? मग नक्को घेऊ! एक थेंब देणार नाही," असं म्हणून त्याने दार धाडकन लावलं.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकून नियमांचा कागद काढला. नकार मिळाला तर उजवीकडचं पुढचं घर घ्यायचं, असं त्यात लिहिलं होतं. ते घर अठरा नंबरचं होतं.

केशवराव ताठ झाले. त्यांनी बायकोला, तारामतींना, चहा टाकायला सांगितला आणि जमलेल्या शेजाऱ्यांकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं. चौदा वर्षांची तन्वी बाही वर करून खुर्चीत बसली.

"लस कधी घेतलीस?" डॉक्टरांनी पेन उघडलं.

"मी नाही घेतली."

"काय बोलायलीस?" केशवराव गरजले.

"आजोबा, त्या दिवशी मी ट्यूशनला होते ना. संध्याकाळी तुम्हीच माझ्या बोटाला लस टोचल्याच्या खुणेची शाई लावली. बोलले, घरचीच पोरगी है, उद्या टोचून आणतो."

तारामतींनी चहाचा ट्रे आपटला. "उद्या उद्या करत तीन महिने घालवले! पोरीला काही झालं असतं तर? ती पाटी काय चाटायची होती?"

पोरीला आठवत नसेल, हे वाक्य केशवरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर तन्वीचा उघडा दंड होता. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. त्यांनी वाक्य गिळलं.

"लिहा. नाही टोचली."

"पण आमच्या कागदावर तर 'टोचली' आहे."

"ते मीच सांगितलं होतं." एवढं बोलून ते पुन्हा उसळले. "पण मी म्हणतो, मी सांगितलं अन् तुमच्या लोकांनी लिहून घेतलं? पोरगी बघितली नाही, दंड बघितला नाही, माझ्यासारख्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला! सरकारी काम असं करतात होय?"