मिशीदादांचं ओळखपत्र

वसाहतीतल्या एकुलत्या एका सलूनमधून, म्हणजे मिशीदादांच्या दुकानातून, केस कापायचं मशीन चोरीला गेलं आणि दादांनी सगळी वसाहत डोक्यावर घेतली. टोकं वर वळवलेल्या झुबकेदार मिशीमुळे त्यांचं हे नाव पडलं होतं. खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. सभेत त्यांनी ठराव मांडला : फाटकातून येता-जाता प्रत्येकानं फोटोचं कार्ड दाखवायचं, आणि पहारेकऱ्यानं तोंडओळखीवर कुणालाही सोडायचं नाही.

"चोर एक आणि झडती सगळ्यांची?" वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई उसळल्या. "आपल्याच घरात शिरायला आपणच पुरावा द्यायचा?"

"लपवण्यासारखं काही नसेल, तर कार्ड दाखवायला काय जातं हो?" मिशीदादांनी मिशीवर ताव दिला. टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला.

पहिल्याच आठवड्यात दादांनी मास्तरांची दाढी उतरवली. फोटोत दाढी होती, त्यामुळे मास्तर दुधाची पिशवी घेऊन फाटकाबाहेर ताटकळले. टक्कल केलेल्या पोराला तर सख्खा बाप येऊनही सोडवू शकला नाही. मग लोकांनी धसकाच घेतला. केस मानेवर आले तरी चालतील, पण फोटो बिघडता कामा नये! दुकान ओस पडलं. दादा दिवसभर रिकामी खुर्ची झटकायचे आणि घरी बायको त्यांना झटकायची.

अशात एक दाढी-जटा वाढलेला अनोळखी माणूस रिकामी पिशवी घेऊन दुकानात आला. कार्ड विचारायचं दादांच्या अगदी ओठांवर आलं होतं; पण इतक्या दिवसांनी आलेलं गिऱ्हाईक घालवायचं जिवावर आलं.

"कसे कापू?"

"तुमच्यासारखेच. मिशीसकट. असा रुबाब दुसरीकडे बघितला नाही."

दादा विरघळले. अंगापिंडानंही तो त्यांच्याच मापाचा होता. काम संपलं तेव्हा आरशात दोन मिशीदादा दिसत होते. दादांना अगदी भरून आलं. तोंड पुसायला गरम पाणी आणावं म्हणून ते आत गेले. बाहेर येऊन बघतात तो खुर्ची रिकामी, नवं मशीन गायब आणि आरशाशेजारच्या खिळ्यावरचं कार्डही गायब!

दादा धापा टाकत फाटकावर पोचले.

"कार्ड?" पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली.

"अरे, चोर पळाला! सोड मला!"

"मिशीदादा आत्ताच बाहेर गेले. फोटोशी मिशीचं टोकन् टोक जुळवून सोडलंय मी त्यांना. तुम्ही कोण?"

"अरे, तोच चोर! त्याला आत कुणी सोडलं?"

"भिंतीवरून आला असेल. भिंतीवर कार्ड बघायचं ठरावात नाही."

तेवढ्यात वकीलबाई आल्या. दादांनी हातच जोडले. "बाई, मी कोण ते याला सांगा हो!"

"मी सांगितलेलं चालेल का रे?"

"तोंडओळख चालत नाही. यांचाच ठराव आहे... म्हणजे, हे तेच असतील तर."

वकीलबाईंना हसू आवरेना. "एक उपाय आहे, दादा. मिशी काढून टाका. तुम्ही कोण ते नाही, पण निदान तुम्ही तो चोर नाही, एवढं तरी सिद्ध होईल. आणि लपवण्यासारखं काही नसेल, तर मिशी काढायला काय जातं हो?"

दादा जड पावलांनी दुकानात परतले. चोरानं वस्तरा मात्र मागं ठेवला होता.