सासूबाईंची इस्त्री

घरात काहीतरी जळल्याचा वास येत होता आणि जावयाचा संशय सासूबाईंवर होता. गेल्याच महिन्यात त्याने घराला नवे एमसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारे खटके, बसवून घेतले होते. आल्यागेल्याला तो बोर्डाचं झाकण उघडून दाखवी. "जरा कुठे खुट्ट झालं, की ट्रिप होणारच!"

आता वास येत होता आणि एमसीबी ढिम्म होते.

"म्हणजे दोष वायरिंगमध्ये नाही, माणसात आहे," त्याने बायकोला सांगितलं. घरात नवं माणूस एकच आलं होतं.

"आई काय जाळणार आहे?"

"ते मी शोधतो."

सासूबाई आंघोळीला गेल्यावर त्याने त्यांची बॅग उचकली. तळाशी जुनी इस्त्री निघाली, वायरीला जागोजाग चिकटपट्टी. त्याला कोण आनंद झाला! मुद्देमाल त्याने आपल्या कपाटात कुलूपबंद केला. वास मात्र हटेना.

"दुसरी असणार," तो म्हणाला.

सासूबाईंनी आधीचंही ऐकलं होतं, हेही ऐकलं. "मी उद्याच जाते," म्हणून त्या आवराआवर करायला लागल्या.

"आई गेली, तर मीही तिच्याबरोबर जाणार," बायको म्हणाली आणि पिशवी घेऊन तडक बाजारात निघून गेली.

आता पुरावा हवाच होता. तो सोफ्यावर ठाण मांडून बसला. पाळतीच्या कामात पाय फार दुखतात, म्हणून त्याने रोजच्यासारखं पाय चेपायचं मशीन लावलं. त्याची पिन सोफ्यामागच्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात ढिली बसायची, मध्येच चरचरायची. पण चालत होतं ना! थोड्या वेळाने वासाचा भपकाराच आला. तो दबक्या पावलांनी उठला आणि आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"सापडलात!"

सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. "जावईबापू, तुमच्या मागे धूर येतोय."

"विषय बदलू नका!"

पण सोफ्यामागे पडद्याची कड खरंच पेटली होती. जावई धावला तो थेट एमसीबीकडे. एकही खटका पडलेला नव्हता. "ट्रिप हो! अरे, हो ना ट्रिप!" तो बोर्डापुढे हात जोडून ओरडू लागला. तेवढ्यात पंखा थांबला, मशीनची घरघर थांबली. तो वळला, तर बाहेरून धावत आलेल्या सासूबाई पडदा खाली ओढून चादरीने आग विझवत होत्या.

"बघितलंत? झालाच शेवटी ट्रिप!"

"तो कसला होतोय? मी बाहेरचा मेन स्विच बंद करून आले."

संध्याकाळी वायरमनने वितळलेला बोर्ड हातात घेतला. "पिन ढिली असली की तिथल्या तिथे तापतं. करंट काही जास्त जात नाही. एमसीबीला कळणार कसं?"

सासूबाईंनी जायचा बेत रद्द केला. कपाटाची किल्ली मागून घेतली, इस्त्री काढून सरळ कचऱ्यात टाकली आणि तिच्या जागी पाय चेपायचं मशीन ठेवून कुलूप लावलं.

"अहो, मशीन चांगलंय!" जावई कळवळला. "दोष त्याचा नव्हता."

"मी कुठे म्हणतेय मशीनचा?" किल्ली आपल्या पर्समध्ये टाकत सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, माणसात आहे."