न झालेल्या चोऱ्यांचे साक्षीदार

"आमच्या वसाहतीत चोर शिरून दाखवू दे, मी अध्यक्षपद सोडतो," असं अध्यक्षांनी तपासणीला आलेल्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

बाई पोलिसांच्या मुख्य कार्यालयातून आल्या होत्या. घरफोड्या रोखायला पोलीस आणि रहिवासी मिळून जी योजना चालवत होते, तिचा काही उपयोग झाला का, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. योजनेतून वसाहतीला एक हवालदार मिळाले होते. ते अधूनमधून सगळ्यांना जमवून चोर नीट न्याहाळायची तालीम घेत. तालमीला चोर लागतो. दुसरं कोणी तयार होईना, म्हणून अध्यक्षच चोर व्हायचे. ढगळ हिरवा स्वेटर घालून, दुखऱ्या गुडघ्यामुळे डावा पाय ओढत, ते दंतवैद्यांच्या मागच्या खिडकीतून आत शिरायचे आणि बाकीचे त्यांच्याकडे टक लावून बघायचे.

"योजनेच्या आधी चोऱ्या किती व्हायच्या?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

"आणि आता?"

"आताही एकही नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे फरक शून्य. योजना बंद करावी लागेल. हवालदारांना परत चौकात वाहतुकीवर पाठवू."

चोरांचं अध्यक्षांना काही पडलेलं नव्हतं. पण बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, आणि योजना आल्यापासून हवालदार रोज दुपारी त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला यायचे. खेळायचे अगदीच सुमार, पण यायचे. तेही बंद होणार म्हटल्यावर अध्यक्षांना खरोखर रडू यायचं बाकी राहिलं.

ते तडक दंतवैद्यांकडे गेले. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी दाढ धरून बसल्या होत्या.

"पूर्वी इथे चोऱ्या व्हायच्या, असं बाईंना सांगायचं. मी अब्रूसाठी लपवलं होतं म्हणेन," अध्यक्ष म्हणाले.

"पण झाल्याच नाहीत ना," दंतवैद्य म्हणाले.

"झाल्या असत्या तर काय गेलं असतं, ते सांगा. हवालदारांसाठी एवढं करा."

मावशी तोंडातला कापूस सांभाळत म्हणाल्या, "माझं शिलाई मशीन गेलं असतं."

"गेलंच," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई घरोघरी फिरल्या आणि वसाहतीला कंठ फुटला. दंतवैद्यांची दात काढायची खुर्ची गेली होती. ती तर जमिनीत पक्की बसवलेली असते, असं बाई म्हणाल्या, तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "चोर तयारीचा होता." कोपऱ्यावरच्या संगीत शिक्षकांचा पियानो खिडकीतून गेला होता. नेण्यासारखं काहीच नसलेल्यांनी, चोर निदान बघून तरी गेला, एवढं सांगून आपली अब्रू राखली. अध्यक्ष बाईंच्या मागे मागे समाधानाने मान डोलावत होते.

"चोर दिसायला कसा होता?" बाईंनी मावशींना विचारलं.

हे काही ठरलेलं नव्हतं. पण मावशींच्या तालीम कामी आली. "उंच. किडकिडीत. ढगळ हिरवा स्वेटर. डावा पाय ओढत चालायचा."

दंतवैद्यांनी तेच सांगितलं. संगीत शिक्षकांनीही तेच. बिचारे करणार काय, दुसरा चोर कुणी कधी पाहिलेलाच नव्हता. अध्यक्षांची मान डोलायची थांबली.

संध्याकाळी गार वारा सुटला. अध्यक्ष विचारांच्या तंद्रीत खुंटीवरचा स्वेटर चढवून बाईंना फाटकापर्यंत पोचवायला निघाले. बाई चालता चालता थबकल्या.

"हा स्वेटर तुमचाच?"

"बायकोने विणलेला. जरा मोठा झालाय."

"अध्यक्ष कधी झालात?"

"योजना सुरू झाली तेव्हा."

"आणि तेव्हापासून चोऱ्या बंद." बाई त्यांच्या पायाकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

खरं सांगावं, तर फरक पुन्हा शून्य. अध्यक्षांनी तोंड उघडलं, त्यांना रिकामी दुपार दिसली, आणि त्यांनी तोंड मिटलं. "काही नाही," ते म्हणाले.

बाईंचा निकाल घेऊन हवालदारच आले.

"योजना उत्तम चालली आहे म्हणतात. संशयितालाच अध्यक्ष करून कामात गुंतवल्यामुळे चोऱ्या थांबल्या. पुरावा नाही, म्हणून अटक नको. पण त्याला मोकळा सोडू नये. मी रोज दुपारी इथे बसून लक्ष ठेवायचं."

"म्हणजे तुमची बदली नाही?"

"नाही. मुदतवाढ मिळाली. तुमच्यावर."

तेवढ्यात समोर दंतवैद्यांच्या मागच्या खिडकीला गज बसवायचं काम सुरू झालं. मावशी शिलाई मशीनवर चादर टाकून दारात उभ्या होत्या. "आम्हाला माहीत आहे हो, तुम्ही तसले नाही," त्या म्हणाल्या, "पण एवढ्या शिकलेल्या बाई उगाच कशाला म्हणतील?"

अध्यक्षांनी ते मनावर घेतलं नाही. हवालदार राहिले, हेच त्यांना पुष्कळ होतं. मोठ्या आनंदाने त्यांनी पट मांडला, पहिली खेळी केली आणि चहा टाकायला आत गेले. कपबशा घेऊन बाहेर आले, तेव्हा हवालदार पटावरच्या सोंगट्या मोजत होते.